तिरोड्याचे जनरल

कोकणच्या इतिहासाचे लेखन आजवर झाले ते प्रायः बंदरांच्या, आरमाराच्या आणि खोतीच्या अनुषंगाने. ज्या व्यवसायाने या प्रांतातील असंख्य खेड्यांच्या चुली पिढ्यानपिढ्या पेटत्या ठेवल्या, त्या शिपाईगिरीचा इतिहास मात्र त्या मानाने फारच थोडा लिहिला गेला. डोंगरउतारावरची एकपिकी भातशेती, भावाभावांत वाटण्या होऊन कुणग्यापुरत्या उरलेल्या जमिनी आणि खोताचे देणे अशा त्रिविध कचाट्यात सापडलेल्या घरातील थोरला मुलगा शेतीवर राहावा, मधल्याने मुंबईची गिरणी धरावी आणि धाकट्याने आंबोलीचा घाट चढून बेळगावच्या पलटणीत नाव नोंदवावे, हा दक्षिण रत्नागिरीचा आणि सावंतवाडीच्या मुलखाचा जणू शिरस्ताच होऊन बसला होता. महिन्याची मनीऑर्डर, पेन्शनीचा कागद आणि भिंतीवर टांगलेले एखादे पदक एवढाच त्या पराक्रमाचा घरापुरता दप्तरखाना. अशा मुलखातून जो एक पुरुष शिपायाच्या नव्हे तर अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर चढला, पुढे परक्या भूमीवर स्वदेशाच्या फौजेचा मेजर जनरल झाला आणि अखेरीस रत्नागिरी जिल्ह्याचा प्रतिनिधी म्हणून लोकसभेत जाऊन केंद्र सरकारात उपमंत्री झाला, त्या जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचे चरित्र म्हणूनच केवळ एका व्यक्तीचे चरित्र राहत नाही.

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ साली, सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी झाला. वाडीकर भोसल्यांच्या कुळाशी नाते सांगणारे त्यांचे घराणे होते. सावंतवाडीचे संस्थान विस्ताराने लहान. एका बाजूस सह्याद्री, दुसऱ्या बाजूस सागर आणि दक्षिणेस पोर्तुगीजांचा गोमंतक, अशा तिहेरी शेजारात सापडलेले. शतकानुशतके सीमेवर राहिलेल्या मुलखाला शस्त्राची सवय असते तशी ती येथेही होती. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल एके काळी वाडीकरांचेच. ते पोर्तुगीजांकडे गेले त्याची सल संस्थानच्या लोकस्मृतीत दीर्घकाळ राहिली. शिवाय ज्या पिढीत जगन्नाथराव वाढले, तिच्या डोळ्यांसमोर संस्थानाधिपती बापूसाहेब महाराजांचे उदाहरण होते. पहिल्या महायुद्धात ते स्वतः मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेले होते. राज्यकर्ता असूनही साधी राहणी आणि प्रजेविषयीची कळकळ यांमुळे लोकांनी त्यांच्या कारभाराला रामराज्याची उपमा दिली. शिपाईपणा आणि लोकसेवा ही दोन कार्ये परस्परविरुद्ध नाहीत, हा संस्कार त्या छोट्याशा दरबाराच्या हवेतच होता.

त्या काळी हिंदी तरुणाला सैन्यात अधिकारी होणे किती दुष्कर होते, याची कल्पना आज सहजी येणार नाही. १९१८ पासून इंग्लंडातील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी उमेदवारांस वर्षाकाठी अवघ्या दहा जागा राखून ठेवण्यात आल्या, आणि त्या जागांसाठी मुले तयार करावीत म्हणून १९२२ मध्ये डेहराडून येथे प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते व त्यांच्याच नावाने लष्करी महाविद्यालय उघडण्यात आले. जगन्नाथराव या डेहराडूनच्या विद्यालयातून सँडहर्स्टला गेले आणि १९२८ च्या सुमारास सनद घेऊन अधिकारी म्हणून बाहेर पडले. पण सनद मिळाली तरी दारे सगळी उघडली असे नव्हे. गोऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला काळ्या वरिष्ठाचा हुकूम मानावा लागू नये, या धोरणाने सरकारने हिंदी अधिकाऱ्यांसाठी सबंध सैन्यातून केवळ आठ पलटणी व रिसाले वेगळे काढले होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी, म्हणजे ‘रॉयल’ म्हणून गौरविली गेलेली पलटण त्या आठांत होती, आणि याच मराठा रेजिमेंटमध्ये जगन्नाथराव रुजू झाले.

या पाचव्या पलटणीचा पूर्वेतिहास येथे सांगितला पाहिजे. पुनर्रचनेपूर्वी तिचे नाव ‘११७ मराठाज’ असे होते, आणि पहिल्या महायुद्धात टायग्रिस नदीच्या काठी कुत-अल्-अमारा येथे जनरल टाउनशेंड यांच्या सैन्याला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा ती आत अडकली होती. जवळजवळ पाच महिने वेढा सोसून, घोडे मारून खाण्याची पाळी आल्यावर, २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याने शरणागती दिली आणि तेथून वाळवंटातील बंदिवासाची जी यातनायात्रा सुरू झाली तिच्यातून कित्येक मराठे शिपाई परत आलेच नाहीत. सेनापतीच्या चुकीने शिपाई युद्धकैदी होतो, आणि कैद झालेल्या शिपायाचा वाली कोणी राहत नाही, हे कोकणातील आणि घाटावरील कित्येक घरांना तेव्हाच उमगले होते. पंचवीस वर्षांनंतर जगन्नाथरावांच्या वाट्याला नेमका तोच प्रसंग यावा, हा दैवाचा विलक्षण खेळच म्हटला पाहिजे.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर असलेले, पस्तीस वर्षांचे जगन्नाथराव तेथे होते. दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, फॅरर पार्क नावाच्या मैदानावर सुमारे पंचेचाळीस हजार हिंदी सैनिकांना एकत्र आणण्यात आले. त्यांचे गोरे अधिकारी आदल्या दिवशीच वेगळे काढून चांगीच्या छावणीकडे धाडलेले होते. ज्यांच्या शब्दावर ही माणसे लढली ते वरिष्ठ एकाएकी दिसेनासे झाले होते. कर्नल हंट नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ध्वनिक्षेपकासमोर येऊन मोजक्या वाक्यांत त्या सर्वांना जपान्यांच्या स्वाधीन केले आणि ते निघून गेले. मग जपानी मेजर फुजिवारा बोलू लागले. त्यांचे जपानी वाक्य प्रथम इंग्रजीत आणि मग हिंदुस्थानीत भाषांतरित होई, आणि मैदानावर बसलेल्या त्या अफाट समुदायापर्यंत ते पोहोचेतो दुसरे वाक्य सुरू झालेले असे. शेवटी कॅप्टन मोहनसिंग यांनी आझाद हिंद फौजेची कल्पना मांडली. जयघोष झाला, टोप्या हवेत उडाल्या, आणि त्याच वेळी अनेकांनी माना खाली घातल्या, कारण घेतलेली शपथ एका दुपारी सुटत नाही.

या प्रसंगाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात त्या जयघोषाचे वर्णन पुष्कळ असते, परंतु त्या पंचेचाळीस हजारांच्या मनोवस्थेचा विचार थोडा असतो. मला वाटते, तेथील खरा प्रश्न राजनिष्ठा की देशभक्ती एवढ्यापुरताच मर्यादित नव्हता. ज्याला पलटण म्हणतात ती परस्परविश्वासावर उभी असलेली रचना एका आठवड्यात ढासळली होती, आणि ती पुन्हा कोणी, कोणाच्या नावाने, कोणत्या अधिकाराने उभी करायची, हा तो प्रश्न होता. मोहनसिंग हे केवळ कॅप्टन. भोसल्यांसारखे अनेक अधिकारी ज्येष्ठतेने त्यांच्या वर. सैन्यात ज्येष्ठतेचा क्रम उलटला की अर्धे सैन्य मोडते. तरीही भोसल्यांनी तो क्रम उलटलेला स्वीकारला, आणि १ सप्टेंबर १९४२ रोजी फौजेची विधिपूर्वक स्थापना झाली तेव्हा गांधी, नेहरू व आझाद या नावांच्या गनिमी पलटणींबरोबरच जो ‘हिंद फील्ड फोर्स’ उभारण्यात आला त्याचे आधिपत्य त्यांनी पत्करले.

ही पहिली फौज चार महिनेही टिकली नाही. जपानी लष्कराला मदतनीस हवे होते, मित्र नको होते. मोहनसिंगांना स्वतंत्र फौज हवी होती. २९ डिसेंबर १९४२ रोजी जपान्यांनी मोहनसिंगांना अटक केली, आणि अशी पाळी आल्यास फौज बरखास्त समजावी, असा हुकूम त्यांनी आधीच देऊन ठेवलेला होता. बिल्ले जाळले गेले, कागदपत्रे नष्ट झाली, हजारो सैनिक पुनश्च युद्धकैदी झाले. १९४३ च्या आरंभीचे ते दोन-तीन महिने म्हणजे जगन्नाथरावांच्या आयुष्यातील अत्यंत कसोटीचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा काळ होय. राशबिहारी बोस यांच्या छत्राखाली ‘डायरेक्टोरेट ऑफ मिलिटरी ब्युरो’ नावाचे जे लष्करी खाते स्थापन झाले, त्याचे प्रमुखपद भोसल्यांकडे आले. त्यांच्यापाशी ना द्रव्य होते, ना शस्त्रे, ना लोकांची मने हलवणारे वक्तृत्व. एका बाजूस जपान्यांविषयीचा संशय, दुसऱ्या बाजूस मोहनसिंगांच्या अनुयायांचा रोष, तिसऱ्या बाजूस मजुरीला पाठविल्या जाण्याचे भय, अशा परिस्थितीत माणूस माणूस समजावून, कोणी राहावे व कोणी जावे याची मोकळीक देऊन, हुद्दे आणि तुकड्या नव्याने बांधून त्यांनी फौजेचा सांगाडा उभा ठेवला. २ जुलै १९४३ रोजी सुभाषचंद्र बोस सिंगापुरात उतरले आणि ५ जुलैला नगरसभागृहासमोरच्या मैदानावर त्यांनी ज्या फौजेची मानवंदना स्वीकारली, ती अशी जपून ठेवलेली फौज होती. नेताजींच्या तेजाने तिच्यात प्राण आला यात शंकाच नाही. परंतु प्राण फुंकण्यासाठी देह शिल्लक लागतो, आणि तो शिल्लक राखण्याचे श्रेय ज्या मोजक्या अधिकाऱ्यांना आहे त्यांत भोसल्यांचा क्रम वरचा आहे.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली, तेव्हा सेनेचे प्रतिनिधी म्हणून त्या मंत्रिमंडळात जगन्नाथरावांचे नाव होते. पुढे ते फौजेचे चीफ ऑफ स्टाफ आणि मेजर जनरल झाले. इम्फाळच्या रणधुमाळीत शहानवाझ खान, कियानी यांची नावे लोकांच्या ओठी आली. भोसल्यांचे काम त्यामागचे होते: मलायातील मळ्यांवरचा तमिळ मजूर, रंगूनमधला कारकून, सिंगापूरचा दुकानदार, अशा ज्यांनी बंदूक कधी हाती धरली नाही त्यांना भरती करून घेणे, हिंदुस्थानी हुकुमांवर त्यांची कवायत बसविणे, त्यांच्या शिध्याची व कपड्यांची तजवीज लावणे. युद्धाचे पारडे फिरले आणि फौज ब्रह्मदेशातून मागे हटली, त्या कहाणीचा विस्तार येथे करीत नाही. ती मराठी वाचकाला पुष्कळ परिचित आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये, जपानच्या शरणागतीनंतर, नेताजी सिंगापूरहून बँकॉकमार्गे आपल्या अखेरच्या प्रवासास निघाले, तेव्हा भोसले बँकॉकमध्येच होते. फौजेचे तेथील सैनिक इंग्रजांच्या स्वाधीन होईपर्यंत त्यांची शिस्त न मोडू देणे, हे नावापुरते लहान व प्रत्यक्षात फार कठीण काम त्यांच्या वाट्याला आले.

फौजेच्या अधिकाऱ्यांवरील लाल किल्ल्यातील खटल्याने देश हादरला, भुलाभाई देसाई यांनी केलेला बचाव घरोघर वाचला गेला, आणि सरकारला उरलेल्या बहुतेक अधिकाऱ्यांना सोडून द्यावे लागले. १९४६ मध्ये जगन्नाथराव मुक्त झाले. परंतु स्वातंत्र्य आल्यावरही आझाद हिंद फौजेच्या सैनिकांना राष्ट्राच्या सैन्यात परत घेण्यात आले नाही. सैन्याच्या अंतर्गत ऐक्याला तडा जाऊ नये, हे त्यामागचे कारण सांगण्यात आले आणि ते सर्वस्वी निराधार होते असे मी म्हणणार नाही. तथापि ज्यांनी या देशाच्या नावाने शपथ घेतली होती त्यांनाच या देशाचा गणवेश नाकारला गेला, ही गोष्ट मनाला आजही टोचते. ज्या एका विद्येत जगन्नाथराव पारंगत होते, तिचे दार त्यांना चाळिशीतच बंद झाले.

या बंद दाराच्या बाहेर लक्षावधी निर्वासित उभे होते. फाळणीने पश्चिम पंजाब, सिंध आणि सरहद्द प्रांतातून जो मनुष्यप्रवाह लोटला, त्याच्या छावण्या कुरुक्षेत्रापासून दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यापर्यंत पसरल्या होत्या. जगन्नाथरावांनी आपले लक्ष या पुनर्वसनाच्या कार्याकडे वळविले. मग १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. सावंतवाडीचे संस्थान तोवर मुंबई राज्यात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात समाविष्ट झाले होते. काँग्रेसने जगन्नाथरावांना रत्नागिरी उत्तर मतदारसंघातून उभे केले आणि ते निवडून आले. ज्या जिल्ह्यात गावोगाव पेन्शनीत निघालेले सुभेदार व हवालदार होते, त्या जिल्ह्याने आपला पहिल्या खेपेचा खासदार म्हणून एक सेनानी निवडावा, यात नवल नव्हते. केंद्र सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्रिपद त्यांना मिळाले. संसदेतील त्यांची कारकीर्द मोठ्या भाषणांसाठी स्मरणात राहिलेली नाही, आणि वक्तृत्व हा त्यांचा पिंडही नव्हता.

त्यांचा पिंड प्रकट झाला तो दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये. तेथे कस्तुरबा निकेतन नावाची एक निर्वासितांची संस्था होती. फाळणीत विधवा झालेल्या स्त्रिया आणि पोरकी झालेली मुले तिच्या आश्रयाला होती. या मुलांची स्थिती क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. ज्यांचे घर, गाव आणि पुष्कळांचे पितृछत्रही नाहीसे झाले आहे, ज्यांचे शैशव आगगाडीच्या डब्यात, तंबूत आणि शिध्याच्या रांगेत गेले आहे, ज्यांना रांगेत पुढे घुसल्याशिवाय पोटाला मिळत नाही हे जगाने स्वतः शिकविले आहे, अशी ती मुले. त्यांना ‘बेशिस्त’ म्हणणे सोपे होते, आणि तसे म्हणणारे होतेही. भोसल्यांनी जे ओळखले ते निराळे होते: या मुलांभोवतीची सारी रचनाच कोसळली आहे, आणि जोवर ती पुन्हा उभी राहत नाही तोवर उपदेश व्यर्थ आहे. फॅरर पार्कच्या मैदानावर त्यांनी प्रौढ सैनिकांत पाहिले होते ते त्यांना लाजपतनगरच्या मुलांत पुन्हा दिसले, असे मी समजतो. आणि त्यांच्या आयुष्याचा अर्थ लावताना मला हाच धागा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जुलै १९५४ मध्ये याच संस्थेत त्यांनी ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ सुरू केली. योजनेचे अंग दुहेरी होते. मैदानावर सामुदायिक व्यायाम, कवायत आणि संचलन. वर्गात थोरांच्या चरित्रकथा, देशाच्या इतिहासातील उदात्त प्रसंग आणि समूहगीते. परंतु तिचे मर्म हुकूम कोणी द्यायचा यात होते. मोठ्या माणसाने शिटी फुंकायची आणि मुलांनी धावायचे, एवढ्यावर ती थांबत नसे. मुलांतूनच नायक निवडले जात, तुकडी त्यांच्या हवाली केली जाई, आणि काल ज्याने दुसऱ्याचा हुकूम मानला त्याच्यावर आज हुकूम देण्याची जबाबदारी येई. ज्याला स्वतःचे म्हणावे असे काहीही उरले नाही त्या दहा वर्षांच्या मुलाला पन्नास मुलांची रांग आपल्या शब्दावर वळताना दिसली म्हणजे त्याच्या ठायी काय जागे होत असेल, हे सांगावयास शिक्षणशास्त्रज्ञ नको. प्रारंभीच्या शिक्षकांत माजी सैनिकांचा भरणा होता. ज्यांना सैन्याने परत घेतले नाही त्यांच्या विद्येचा असा विनियोग झाला. पंतप्रधान नेहरूंनी त्या मुलांची प्रात्यक्षिके पाहिली व त्यांना ती योजना मनापासून पसंत पडली. निर्वासितांच्या शाळांतून ती इतर शाळांत गेली, पुनर्वसन खात्याकडून शिक्षण खात्याकडे सोपविण्यात आली, आणि शिक्षक घडविण्यासाठी अलवर संस्थानच्या सरिस्का येथील राजवाड्यात तिचे मध्यवर्ती प्रशिक्षण केंद्र निघाले.

तिच्यावर आक्षेप आले नाहीत असे नाही. कोवळ्या मुलांना लष्करी साच्यात घालणे लोकशाहीला पोषक आहे काय, हा प्रश्न विचारला गेला आणि तो विचारण्यासारखाच होता. युरोपातील हुकूमशाह्यांनी मुलांच्या रांगांचा जो उपयोग केला तो सर्वांच्या स्मृतीत ताजा होता. मला स्वतःला वाटते की, योजनेचा जनक जोवर तिच्यावर लक्ष ठेवून होता आणि जोवर ती पोरक्या झालेल्या मुलांसाठी होती, तोवर हा धोका तिला नव्हता. पण तीच योजना सुस्थित घरांतल्या मुलांच्या हजारो शाळांत सरकारी परिपत्रकाने जाऊ लागली, तेव्हा तिच्यातील कवायत उरली आणि करुणा पातळ झाली. एन.सी.सी., ए.सी.सी. आणि स्काउट यांच्या जोडीला ही आणखी एक योजना, असा गोंधळ माजल्यावर सरकारने १९५९ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि या सर्व योजनांची मिळून एकच संघटित व्यवस्था असावी असे तिने सुचविले.

दरम्यान राजकारणाचा वारा फिरला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने कोकण पेटले, आणि १९५७ च्या निवडणुकीत राजापूरहून नाथ पै यांच्यासारखा तेजस्वी विरोधी नेता लोकसभेत गेला. रत्नागिरीनेही काँग्रेसला झिडकारले. जगन्नाथरावांचे संसदीय जीवन संपले, परंतु शिस्त योजनेची सूत्रे त्यांच्याकडेच राहिली आणि शेवटपर्यंत ते तिच्यातच गुंतलेले होते. १९६३ मध्ये त्यांचे देहावसान झाले. कुंझरू समितीच्या शिफारशीस अनुसरून १९६५ मध्ये त्यांची योजना ‘राष्ट्रीय स्वास्थ्य दल’ या नव्या व्यवस्थेत विलीन करण्यात आली आणि तिचे स्वतंत्र नाव पुसले गेले.

आझाद हिंद फौजेचे जनरल म्हणून जगन्नाथरावांचा उल्लेख अधूनमधून होतो. लाजपतनगरच्या मैदानावरचा शिक्षक म्हणून तो होत नाही, आणि माझ्या दृष्टीने त्यांचे दुसरे कार्य पहिल्याहून उणे नाही. महाराष्ट्रातील शाळांतही या योजनेचे शिक्षक नेमले गेले होते. त्यांच्या वह्या, सरिस्काची प्रमाणपत्रे, कवायतीची छायाचित्रे कोकणातील व घाटावरील अनेक घरांच्या पेट्यांत अद्याप असतील. ज्यांच्या घरी ती असतील त्यांनी ती वाळवीच्या स्वाधीन न करता जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा इतिहास-संशोधन मंडळाकडे पोहोचती करावीत; तिरोड्याच्या या सेनानीचे साधार, विस्तृत मराठी चरित्र लिहिण्यास त्यांचा मोठा आधार होईल.